दोन हात रंगाचे : कुंचल्यापासून रोलरपर्यंत

सोसायटीचा पंचवीस वर्षांचा इतिहास म्हटला की आपल्याला भूखंड, नोंदणी, कन्व्हेअन्स, पाण्याची टाकी आणि लिफ्ट आठवते. त्याबद्दल या स्मरणिकेत जाणकार मंडळींनी लिहिलेच आहे. मला वाटले, ज्या चार भिंतींच्या आत आपण एवढी वर्षे काढली, त्या भिंतींबद्दलही दोन शब्द असावेत. निमित्तही तसेच आहे. रौप्यमहोत्सवामुळे यंदा अनेक घरांत रंगकाम निघाले आहे. जिन्यात कोणीही भेटले की पहिला प्रश्न, "कोणता रंग घेतलात?" दुसरा प्रश्न, "पेंटर किती मागतोय?" तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, तो म्हणजे "भिंतीची तब्येत कशी आहे?" माझा हा सगळा लेख त्या तिसऱ्या प्रश्नासाठी आहे. पण तिथे पोहोचण्याआधी थोडे मागे जाऊन येऊ.

सारवण, पोतेरे आणि चुना

आपल्याकडे भिंत रंगवायचे पहिले साधन म्हणजे माणसाचा हात. मातीच्या भिंतीला शेणमातीचा हात फिरवायचा, वर पांढऱ्या मातीचे पोतेरे द्यायचे, खाली गेरूचा किंवा कावेचा पट्टा ओढायचा. पोतेरे म्हणजे जुन्या लुगड्याची चिंधीच. दसरा-दिवाळीच्या आधी घरोघरी बायका हे काम करीत. त्याला मजुरी नव्हती आणि त्याचा हिशेबही कुठल्या वहीत नव्हता. पेंटर लोक आजसुद्धा "एक हात मारला, दुसरा हात बाकी आहे" असे म्हणतात. ब्रश आला, रोलर आला, तरी मोजमाप हाताचेच राहिले, हे मला फार आवडते.

रंगाच्या आधी भिंत तयार करावी लागते, हे ज्ञानही आपल्याकडे जुने आहे. अजिंठ्याची चित्रे पाहताना गाईड सगळे लक्ष चित्रांकडे वेधतो. पण त्या चित्रांखाली काय आहे? आधी खडबडीत दगडावर मातीचा गिलावा. त्यात वनस्पतींचे तंतू, भाताचे तूस वगैरे कालवलेले. त्यावर पांढरा गुळगुळीत पातळ थर. तो वाळल्यावर मग रंग. आज आपण ज्याला गिलावा, लांबी, प्रायमर आणि फिनिश म्हणतो, तीच ही पायरी-पायरीने केलेली मांडणी. दीड-दोन हजार वर्षे टिकलेल्या चित्रांचे श्रेय चित्रकाराला द्यावेच, पण थोडे त्या गिलावा करणाऱ्यालाही द्यावे.

पक्क्या बांधकामाबरोबर चुना आला. आपल्या अनेक किल्ल्यांवर चुन्याचा घाणा दिसतो. गोल दगडी चर आणि त्यात फिरणारे जाड दगडी चाक. तो चुना बांधकामाचा. भिंतीला द्यायच्या चुन्याची रीत वेगळी. चुनकळी पिंपात टाकून पाणी ओतले की ती खदखदून उकळते. मग ती काही दिवस भिजू द्यायची, कपड्यातून गाळायची, चिकटपणासाठी डिंक आणि झळाळीसाठी थोडी नीळ घालायची. कुंचला काथ्याचा, जाड आणि राठ. लावताना भिंत अगदी मळकट दिसते. नवख्या माणसाला वाटते की पैसे फुकट गेले. वाळत जाईल तशी ती पांढरी होते, कारण चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडीच बनतो. म्हणजे चुन्याचा थर भिंतीवर नुसता बसत नाही, तो दगड होतो. शिवाय त्यातून भिंतीचा ओलावा बाहेर पडू शकतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

चुन्याला आपल्या इतिहासात एक कडू प्रकरणही जोडलेले आहे. १८९६ साली मुंबईत मांडवी भागातून प्लेगची साथ सुरू झाली. घरे धुऊन काढायची आणि त्यांना चुना मारायचा, हा तेव्हाच्या सरकारी उपायांचा एक भाग होता. चुना तीव्र अल्कधर्मी असल्याने जंतूंना मारक, हे खरे. पण १८९७ मध्ये पुण्यात घराघरांत सोल्जर शिरले, सामान रस्त्यावर आले, तेव्हा त्या पांढऱ्या भिंती पाहून कोणालाही प्रसन्न वाटले नसणार. पुढे रँडचा खून, चाफेकर बंधूंना फाशी हे सारे आपण शाळेत शिकलो. सांगायचे एवढेच, की भिंतीचा रंग ही फक्त हौसेची बाब कधीच नव्हती. आरोग्य त्यात पहिल्यापासून होते.

सफेता, डिस्टेंपर आणि गट्टू

तेलातला रंग श्रीमंतांच्या दारा-खिडक्यांवर आधी आला. जवसाचे तेल आणि सफेता. हा सफेता म्हणजे शिशाची भस्मासारखी पांढरी पूड. रंग उत्तम बसायचा, झाकायचाही छान, पण शिसे विषारी. रंगाऱ्यांना त्याचा त्रास होतो हे इतके उघड होते, की १९२१ साली जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने घरातल्या रंगकामात सफेता वापरण्यावर बंधने घालणारा करार मंजूर केला. शंभर वर्षे झाली त्याला. शिशाची गोष्ट तिथे संपली नाही, हेही पुढे येईल.

आपल्या देशात रंगाचे कारखाने एकोणिसशेनंतर उभे राहिले. १९०२ मध्ये हावड्याला शालीमार, १९२० मध्ये मुंबईत लोअर परळला गाहागन पेंट्स, म्हणजे पुढचे गुडलास नेरोलॅक. १९४२ मध्ये, महायुद्धामुळे बाहेरचा रंग मिळेनासा झाला असताना, मुंबईतल्या चार मित्रांनी एशियन पेंट्स सुरू केली. १९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी त्यांच्यासाठी गट्टू काढला. कपाळावर झिपऱ्या आलेला, एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात ब्रश घेतलेला तो खट्याळ पोरगा आपल्या पिढीने दुकानादुकानांवर पाहिला आहे. गट्टूच्या हातात ब्रशच होता. रोलर त्याच्या हातात आलाच नाही, आणि नव्या शतकाच्या सुरुवातीला तोच निवृत्त झाला.

मध्यमवर्गाच्या घरात मात्र चुन्यानंतर आले ते डिस्टेंपर. आधी पुडीतले, खडूची पूड आणि सरस असलेले. भिंतीला टेकले की पाठीवर रंग यायचा. पाहुण्यांना "भिंतीला टेकू नका हं" असे सांगावे लागे. मग ऑइल बाउंड डिस्टेंपर आले. ते हाताला लागत नसे, ओल्या फडक्याने जपून पुसताही येई. चाळीत राहिलेल्यांना आठवत असेल, १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली आणि मालकांनी हळूहळू दुरुस्ती नि सफेदी यांतून अंग काढून घेतले. ज्याने त्याने आपापल्या खोलीपुरते डिस्टेंपर आणायचे आणि सुटीच्या दिवशी घरातल्या सगळ्यांनी मिळून लावायचे, असा प्रकार सुरू झाला. स्वतःच्या मालकीच्या भिंतीची ओढ आपल्या पिढीला लागली, त्याला हेही एक कारण असावे. सहकारी सोसायट्या उगाच नाही वाढल्या!

रोलर आला कुठून?

आता रोलरकडे येऊ. साधी गोष्ट आहे. एक दांडा, त्याला वाकवलेली सळई, सळईवर फिरणारी नळी आणि नळीवर लोकरीसारखे कापड. ही गोष्ट माणसाला फार आधी सुचायला हवी होती, पण प्रत्यक्षात ती १९४० च्या सुमारास आली. कॅनडातल्या टोरांटो शहरातील नॉर्मन ब्रेकी याला त्याचे श्रेय देतात. अमेरिकेत शेर्विन-विल्यम्स या रंग कंपनीतल्या रिचर्ड अ‍ॅडम्स याने तशाच साधनाचे पेटंट घेतले. ब्रेकीला आपल्या कल्पनेतून म्हणावा तसा पैसा मिळाला नाही. बँकेत चाळीस वर्षे घालवल्यावर मला यात नवल वाटत नाही. कल्पना एकाची, भांडवल दुसऱ्याचे, हे मी कितीदा पाहिले आहे.

पण १९४० च्याच सुमारास का? याचे उत्तर रोलरमध्ये नाही, रंगात आहे. तेलाचा रंग सावकाश सुकतो. ब्रशने लावला की केसांच्या रेघा उमटतात, पण रंग सुकेपर्यंत पसरून त्या बुजून जातात. त्यामुळे तिथे ब्रशचे चालून जाते. महायुद्धात जवसाच्या तेलाची टंचाई झाली, तेव्हा शेर्विन-विल्यम्सने १९४१ मध्ये केम-टोन नावाचा रंग बाजारात आणला. त्यात दुधातले केसीन होते आणि तो पाण्यात कालवायचा. तासाभरात सुकायचा. असा चटकन सुकणारा रंग ब्रशने लावला तर रेघा बुजायला वेळच मिळत नाही. रोलरने मात्र भराभर आणि सगळीकडे सारखा बसतो. म्हणून त्या रंगाबरोबर कंपनीने रोलरही विकला. घरातल्या कोणालाही खोली रंगवता येईल, अशी जाहिरात केली आणि लोकांनी ती खरी करून दाखवली. १९४८ मध्ये ग्लिडन कंपनीने लॅटेक्सचा रंग आणला, १९५३ मध्ये रोम अँड हास कंपनीने अ‍ॅक्रिलिक इमल्शन आणले, आणि पाण्याचा रंग व रोलर ही जोडी पक्की झाली. अमेरिकेतल्या काही रंगारी संघटनांनी रोलरला विरोधही केला. तीन माणसांचे काम एकटा करू लागला तर उरलेल्या दोघांनी काय करायचे, हा त्यांचा प्रश्न होता. आमच्या बँकेत संगणक येऊ लागले तेव्हा आम्ही नेमका हाच प्रश्न विचारीत होतो.

मी स्वतः रोलर पहिल्यांदा पाहिला तो नव्वदच्या दशकात, आमच्या शाखेत. त्याआधी शाखेला रंग म्हणजे आठवडाभराचे संकट. लेजर झाकून ठेवा, टेबले मधे ओढा, ग्राहकांच्या सदऱ्यांवर शिंतोडे, वर तक्रारी. त्या वेळी शनिवारी दुपारी शाखा बंद झाली, पेंटरमामा लांब दांड्याचे दोन रोलर घेऊन आले आणि सोमवारी सकाळी हॉल तयार. मामांचे वय तेव्हा साठीच्या घरात. मी विचारले, "मामा, आता तुमच्या ब्रशचे काय?" ते म्हणाले, "साहेब, ह्यानं भिंत रंगते, कोपरा नाय रंगत. कोपऱ्यापुरता मी हाय ना." रोलरबद्दल यापेक्षा नेमके वाक्य मी नंतर कुठल्याही माहितीपत्रकात वाचले नाही.

रोलर चालवावा कसा?

हल्ली आपल्या सोसायटीतली तरुण मंडळी शनिवार-रविवारी स्वतःच खोली रंगवायला घेतात. कौतुकच आहे. त्यांच्यासाठी आणि पेंटरवर देखरेख करणाऱ्यांसाठी थोडे तपशील देतो.

मोठ्या भिंतीला नऊ इंची रोलर, संडास-बाथरूम आणि दाराच्या मागच्या पट्ट्यांना चार इंची. रोलरची लव भिंतीप्रमाणे निवडावी. गुळगुळीत भिंतीला अर्धा इंच किंवा त्याहून कमी, खरबरीत भिंतीला पाऊण इंचापर्यंत. लांब लवेचा रोलर गुळगुळीत भिंतीवर फिरवला की संत्र्याच्या सालीसारखे दाणे उमटतात. नव्या रोलरवर चिकटपट्टी दाबून उचलावी, म्हणजे सुटे केस निघून जातात. नाहीतर ते कायमचे भिंतीवर राहतात.

रंग डब्यातून थेट घेऊ नये. उतरत्या ट्रेमध्ये ओतून, रोलर त्या उतारावर चार-पाच वेळा फिरवून सगळीकडून सारखा भिजवावा. रंग ठिबकत असेल तर जास्त झाला असे समजावे. आधी छत, मग भिंती, शेवटी दारे-खिडक्या. कोपरे, छताची कड आणि स्विचबोर्डाच्या बाजू आधी दोन-तीन इंच ब्रशने भरून घ्याव्यात, पण एका वेळी एकाच भिंतीच्या. सगळ्या खोलीच्या कडा सकाळी भरल्या आणि रोलर दुपारी लावला, तर सुकलेल्या कडेवर ओला रंग चढून फ्रेमसारखा पट्टा दिसतो.

भिंतीवर रोलर आधी इंग्रजी डब्ल्यूसारखा नागमोडी फिरवायचा, मग तो भाग भरून काढायचा, आणि शेवटी न दाबता वरून खाली एकाच दिशेने हलके हात द्यायचे. एका वेळी साधारण तीन फूट रुंदीचा पट्टा घ्यावा, आणि पुढचा पट्टा आधीच्या पट्ट्याची कड ओली असतानाच जोडावा. भिंत अर्धी सोडून चहाला बसू नये. चहा आधी घ्यावा किंवा भिंत संपल्यावर. रोलर दाबून उरलासुरला रंग पिळून काढण्याचा मोह होतो, तोही टाळावा. त्याने कडेला रेघा पडतात. पाणी किती मिसळायचे आणि दोन हातांत किती वेळ ठेवायचा हे डब्यावर लिहिलेले असते. चष्मा लावून वाचावे.

हिशेबाशिवाय माझा लेख पुरा व्हायचा नाही. दहा बाय बाराची खोली, उंची साडेनऊ फूट. चारी भिंतींचा घेर ४४ फूट, म्हणजे ४१८ चौरस फूट. एक दार २१ आणि एक खिडकी १६ चौरस फूट वजा केली की राहिले ३८१. डब्यावर लिटरमागे दोन हातांना १२० चौरस फूट लिहिले असेल, तर सव्वातीन लिटरच्या आसपास रंग लागेल. रोलर स्वतः थोडा रंग पितो. म्हणजे चार लिटरचा डबा पुरे. दहा लिटर सांगणाऱ्याला नम्रपणे हे गणित दाखवावे.

जे रोलरला जमत नाही

आता तिसरा प्रश्न. रोलरने रंग लावायचा वेळ वाचवला, भिंत तयार करण्याचा वेळ वाचवला नाही. जुना सुटा थर खरवडणे, भेगा भरणे, लांबी ओढणे, पॉलिश पेपरने घासणे, धूळ पुसणे आणि प्रायमर मारणे, ही कामे अजूनही हातानेच होतात आणि खोलीचा खरा वेळ तिथेच जातो. कोटेशन कमी करायचे तर काट बसते ती इथेच. दोन दिवसांत फ्लॅट करून देतो म्हणणारा माणूस रोलर जोरात फिरवणार नसतो, तो घासकाम गाळणार असतो.

दुसरी गोष्ट ओलीची. चुन्यातून ओलावा बाहेर जायचा. आजच्या इमल्शनचा बहुधा प्लॅस्टिकसारखा पापुद्रा बनतो. भिंतीत बाहेरून पाणी मुरत असेल तर ते त्या पापुद्र्याच्या मागे साठते, खार फुटतो, फुगे येतात आणि पोपडे सुटतात. मग आपण पेंटरला बोल लावतो. दर पावसाळ्यानंतर त्याच कोपऱ्यावर रंगाचा आणखी एक हात मारणे म्हणजे व्याज भरत राहणे आणि मुद्दलाला हात न लावणे. आदर्श उपविधींप्रमाणे घराच्या आतला रंग सभासदाचा खर्च, पण गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून येणारी पावसाची गळती दुरुस्त करणे हे सोसायटीचे काम. म्हणून ज्यांच्या घरी ओल आहे त्यांनी आधी समितीला लेखी कळवावे, आणि समितीनेही तो अर्ज फाइलला न लावता बाहेरची भिंत पाहून घ्यावी. भिंत वाळल्याशिवाय आत रंग लावू नये. घाई असेल तर तेवढी एक भिंत तशीच ठेवावी. पाहुणे काही म्हणत नाहीत.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, शिशाची. घरगुती रंगांतले शिसे दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये, असा नियम आपल्या देशात २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. आपल्या इमारती त्याच्या आधीच्या. म्हणजे जिन्यातला पाच फुटी ऑइलपेंटचा पट्टा, खिडक्यांचे ग्रिल, जुनी दारे आणि स्वयंपाकघरातला तेलाचा रंग यांत शिसे असू शकते. रंग भिंतीवर शाबूत आहे तोवर धोका कमी. तो कोरडा खरवडला की त्याची धूळ होते, आणि ती रांगत्या मुलांच्या हाताला लागून पोटात जाते. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधक आहे आणि त्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित म्हणून ठाऊक नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

म्हणून जुना ऑइलपेंट कोरडा घासू देऊ नका. पाणी मारून, ओल्या पॉलिश पेपरने घासायला सांगा. तो जाळून तर अजिबात काढू नये. खाली प्लॅस्टिक अंथरा, काम चालू असताना लहान मुलांना आणि गरोदर स्त्रियांना दुसरीकडे ठेवा, आणि नंतर केरसुणीने न झाडता ओल्या फडक्याने पुसून घ्या. घासणाऱ्या कामगाराला मास्क द्या. आपल्या घरी ही धूळ दोन दिवस असते, त्याच्या छातीत ती वर्षभर जात असते. समितीने जिन्याचे काम काढताना हे कंत्राटातच लिहून घ्यावे, अशी माझी या लेखातून विनंती आहे. जिना सगळ्यांचा आहे आणि सगळ्यांची नातवंडे त्याच जिन्यात खेळतात.

पोतेरे फिरवणाऱ्या आपल्या आज्यांपासून ते रविवारी कानात गाणी लावून रोलर फिरवणाऱ्या आपल्या नातवंडांपर्यंत साधने बदलली. बदलले नाही ते एवढेच, की वरचा रंग खालच्या भिंतीइतकाच टिकतो. पुढच्या पंचवीस वर्षांत आपल्या सोसायटीला कोणता रंग लागेल, कोणते साधन येईल, कोणास ठाऊक. भिंती कोरड्या, भक्कम आणि निर्धोक राहोत, म्हणजे रंग कोणताही शोभेल. सर्व सभासद बंधू-भगिनींना रौप्यमहोत्सवाच्या हार्दिक शुभेच्छा!